डोंगरमाथ्यावरचे कुंपण

हवाई बेटांवर पूर्वी जमिनीची वाटणी डोंगरमाथ्यापासून समुद्रातील प्रवाळापर्यंत जाणाऱ्या पट्ट्यांत होत असे. अशा पट्ट्याला ‘अहुपुआआ’ म्हणत. माथ्यावरचे अरण्य, मधली अळूची खाचरे (हे आपल्या ओळखीचेच अळू; तेथे त्याचा कंद हे मुख्य अन्न) आणि किनाऱ्यावरची मत्स्यतळी एकाच प्रवाहावर जगत.

१७९३ साली कॅप्टन व्हँकुव्हर याने कामेहामेहा राजाला गुरे भेट दिली. राजाने त्यांच्या हत्येस बंदी केली आणि ती रानोमाळ वाढली. गुरे, शेळ्या व रानडुकरे यांनी अरण्याचा तळ उघडा पाडला. आता पावसासरशी तांबडी माती वाहत जाऊन प्रवाळावर बसते. डुकरांनी उकरलेल्या खळग्यांत डास वाढतात आणि त्यांच्यामार्फत पसरणाऱ्या हिवतापाने तेथील दुर्मीळ पक्षी मरतात.

म्हणून माथ्यावर कुंपण घालून जनावरे बाहेर काढणे मला आवश्यक वाटते. शिकाऱ्यांचा यास विरोध आहे. डुकराच्या मांसावर कित्येक घरांची चूल चालते, तेव्हा तो हसण्यावारी नेता येणार नाही. परंतु जेथे डुकरे उकरतात, तेथे रोप तग धरत नाही. उतारावरची राने शिकारीस मोकळी ठेवावीत आणि कुंपणाची रेषा ठरविताना शिकाऱ्यांबरोबर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनाही बोलवावे.