सरासरीने न सुटणारे गणित

तापीकाठच्या आपल्या या सुरत नगरीत मागावर चढणारा धागा बहुतांशी कापसाचा नव्हे, पॉलिएस्टरचा असतो. लांबलचक साखळ्यांच्या रेणूंचा हा पदार्थ, म्हणजे बहुवारिक, सुमारे 260 अंश सेल्सियसला वितळतो. तो रस बारीक छिद्रांतून दाबून काढला की धागा होतो.

आता दोन निराळी बहुवारिके एकत्र वितळविली, तर रस किती दाट होईल? वर्गात एकाने चटकन सांगितले, "दोहोंची सरासरी!" उत्तर चुकले, परंतु मी कलाशाखेचा पदवीधर, मीही तेच दिले असते. मधात चमचाभर पाणी घालून पाहा: मध सरासरीहून कितीतरी अधिक पातळ होतो. बहुवारिके तर बहुधा एकजीवही होत नाहीत. एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात तरंगतात, प्रवाहात ताणले जातात, तुटतात. जी. आय. टेलर यांनी 1932 मध्ये अशा मिश्रणाच्या दाटपणाचे सूत्र मांडले, पण ते थेंब विरळ असतील तेव्हाचे. त्यातच, वेगाने ढकलले की हे रस आणखी पातळ होतात! आमच्या गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशाच हट्टी द्रवांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला.

म्हणूनच सारे टाकाऊ प्लास्टिक एकत्र वितळवावे, हे मत मला मान्य नाही. पिशवीचे पॉलिथीन व बाटलीचे पॉलिएस्टर आधीच निराळे ठेवावे. शाळेत त्यासाठी दोन पेट्या हव्यात. खर्चाची अडचण निघाल्यास रिकामे डबे मी घरून आणीन.