वाचलेली पोथी

गेल्या चातुर्मासांत आमच्या साताऱ्याच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. धाकट्या सूनबाई जतकडच्या. माहेरची भाषा कानडी. "मी वाचलेलं पोथी देवापाशी ठेवलंय," असें त्या सहज म्हणाल्या, आणि माजघरांत हशा पिकला. त्या दिवसापासून पानें वाढतांनाहि त्या मोजकेंच बोलूं लागल्या. आम्हांस तो हशा बोचला. हसणारांस चूक दिसली, ती कोठून आली हें दिसलें नाहीं.

मराठींत 'वाचलेला' हें धातुसाधित विशेषण पुढील नामाच्या लिंगवचनाप्रमाणें बदलतें: वाचलेला ग्रंथ, वाचलेली पोथी, वाचलेलीं पुस्तकें. वाचणारा मी असो, तूं असो कीं सारें घर असो, त्याची त्यास पर्वा नाहीं. दूरच्या तुर्की भाषेंत नेमका याच्या उलट प्रकार आढळतो. 'ओकुदूम किताप' म्हणजे मीं वाचलेलें पुस्तक, 'ओकुदून किताप' म्हणजे तूं वाचलेलें. विशेषणाच्या अंतींचा 'म' किंवा 'न' वाचणाराची साक्ष देतो. पुस्तक एक असो वा दहा, रूप तेंच. (तुर्कींत नामांस लिंगच नाहीं, तिकडील सुना या बाबतींत तरी सुखी म्हणावयाच्या!) कानडी या दोहोंहून अलिप्त. 'नानु ओदिद पुस्तक', 'नीनु ओदिद पुस्तकगळु': 'ओदिद' कर्त्यापुढें वांकत नाहीं आणि नामापुढेंहि नाहीं. त्यांतून कानडींत निर्जीव वस्तु नपुंसकलिंगी. मग पोथीचें स्त्रीलिंग सूनबाईंस उपजत कसें सुचावें?

सांगलीजवळच्या कुपवाडची गोष्ट तर याहून मौजेची आहे. जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन या भाषाभ्यासकांनीं १९७१ सालीं त्या गांवावर निबंध प्रसिद्ध केला. मराठी, कानडी व उर्दू बोलणारे शेजारी पिढ्यान् पिढ्या एकत्र नांदले. घरची भाषा कोणीं टाकली नाहीं, पण तिन्ही भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या फार जवळ आली. पूर आल्याचें सांगतांना तेथील मराठींत 'नदी आलं होतं' असें ऐकूं येई. त्यास तेथें कोणी हसत नसावें, कारण उर्दूवालाहि 'नदी आया' म्हणे!

आम्हीं मोरो केशव दामल्यांचें १९११ सालचें व्याकरण कपाटांतून काढलें खरें, पण तें सूनबाईंपुढें ठेवलें नाहीं. सर्वांत मोठ्यानें हसलेल्या पुतण्यास त्यांच्यापुढें कानडी शिकावयास बसविलें. त्याचें पहिलेंच वाक्य ऐकून सूनबाईंनीं तोंडास पदर लावला.