सारा शेताचा, मोल भूखंडाचे

वेशीवरची शेते नेहमी नापिकीनेच मोडतात असे नाही. पुष्कळदा शेजारच्या भरभराटीनेही मोडतात. अमेरिकेत स्थानिक संस्थांची, आणि विशेषतः शाळांची, मुख्य स्थानिक आमदनी म्हणजे स्थावर मालमत्तेवरील कर, आणि तो सामान्यतः बाजारभावावर बसत असल्यामुळे, ज्याच्या मनात जमीन विकण्याचा विचारही नाही अशा शेतकऱ्याची आकारणीदेखील शेजारच्या मळ्याचे भूखंड पडताच चढू लागते आणि मक्याच्या पिकातून बंगल्याचा कर भरण्याची पाळी त्याच्यावर येते. या आपत्तीवर मेरीलंडने १९५६ साली, शेतजमिनीची आकारणी तिच्या शेतीतील उपयोगावरून करावी, असा तोडगा काढला. पुढे तो या ना त्या रूपाने देशातील सर्व राज्यांनी स्वीकारला. शेतसारा निराळा आणि बिनशेती आकारणी निराळी, हा भेद ज्यांच्या महसुली कायद्यातच आहे, त्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. कागदोपत्री शेतकरी हा प्राणीही आपणांस अपरिचित नाही.

त्याचे दर्शन घ्यावयाचे तर न्यू जर्सीत जावे, जेथे मराठी मंडळींचीही मोठी वस्ती आहे. तेथील १९६४ च्या कायद्यान्वये किमान पाच एकर जमीन आणि पहिल्या पाच एकरांवर वर्षाकाठी पाचशे डॉलरांची विक्री एवढ्यावर सवलत मिळे. २०१३ च्या दुरुस्तीने ही रक्कम हजारावर नेली, परंतु रान राखण्याची मंजूर योजना असली म्हणजे जळाऊ लाकडाची विक्रीसुद्धा पात्रतेसाठी धरली जाते, हे ध्यानात घेतले असता धनिकाच्या प्रशस्त आवाराला शेताची प्रतिष्ठा मिळणे कितपत दुर्घट आहे हे सांगावयास नको. वापर बदलला तर फरकाची वसुली होते खरी, पण ती चालू व मागील दोन अशा तीनच वर्षांची. ज्याने भाव चढण्याची वाट पाहत वीस वर्षे जमीन दाबून ठेवली, त्याला उरलेल्या सतरा वर्षांचा फरक बक्षीस मिळतो, आणि त्याचा भार गावातील इतर घरमालकांनी मुकाट्याने वाहिलेला असतो. शेताला शाळा लागत नाही, असा या सवलतीच्या कैवाऱ्यांचा युक्तिवाद आहे व तो खोटा नाही. मात्र उद्या वसाहत होणाऱ्या शेताला तो लागू पडत नाही.

कॅलिफोर्नियाने १९६५ साली पत्करलेला मार्ग मला अधिक सचोटीचा वाटतो. विल्यमसन कायदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या योजनेत मालक आणि परगणा (काउंटी) यांच्यात किमान दहा वर्षांचा करार होतो, तो दरसाल आपोआप पुढे सरकतो, आणि बाहेर पडू इच्छिणाऱ्याला नोटीस देऊन नऊ वर्षे थांबावे लागते, ज्या अवधीत त्याचा कर क्रमाने चढत जातो. तत्काळ सुटका हवी असेल तर परगण्याची मंजुरी आणि सर्वसाधारणतः बाजारभावाच्या साडेबारा टक्के रक्कम मोजावी लागते. सवलतीच्या बदल्यात येथे काही तरी बांधून घेतले आहे. मात्र परगण्यांचे बुडालेले उत्पन्न अंशतः भरून देणाऱ्या राज्य सरकारनेच २००९ च्या आर्थिक ओढगस्तीत हात आखडता घेतला. मोकळ्या जमिनीचा लाभ साऱ्या राज्याला आणि तोटा मात्र परगण्याच्या तिजोरीला, अशी विपरीत स्थिती तेव्हापासून झाली.

दुसरीकडे न्यू जर्सीनेच १९८३ पासून शेतजमिनीवरील बांधकामाचे हक्क कायमचे विकत घेऊन दोन लाखांहून अधिक एकर जमीन राखली आहे. हा उपाय खर्चाचा असला, तरी त्यात जनतेच्या पैशाला जनतेची मालकी लाभते. जेथे तेवढा पैसा नाही, तेथे सवलत अवश्य द्यावी, पण ती दहा वर्षांच्या करारावर द्यावी, करार मोडणाऱ्याकडून दहाही वर्षांचा फरक सव्याज वसूल करावा, आणि गावांचा तोटा राज्याच्या खजिन्यातून भरून द्यावा.