परिनिर्वाणानंतर बोलतं कोण?

देह ठेवला तरी गुरू मार्गदर्शन करत राहतो, ही समजूत खानदेशात घरोघरी आहे. अक्कलकोटचे स्वामी समर्थ १८७८ मध्ये गेले, शेगावचे गजानन महाराज १९१० मध्ये, शिर्डीचे साईबाबा १९१८ मध्ये. आजही जळगाव-धुळ्यातून त्यांच्या नावाने पायी दिंड्या निघतात, लोक त्यांच्यापुढे प्रश्न ठेवतात आणि आपापलं उत्तर घेऊन घरी येतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती ठेवावी, संविधानाने तो हक्क दिलेला आहे. माझा वाद त्यांच्याशी नाही. माझा वाद आपल्याच वस्त्यांशी आहे, जिथे १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर रंगवलेल्या असतात आणि त्याच भिंतीला टेकून कुणाच्या तरी अंगात येतं.

मी ज्या वस्त्यांत काम करते तिथल्या एका बाईच्या अंगात म्हणे एक दिवंगत भंतेजी येतात. त्यांनी एका पोराला सांगितलं, आता गोळ्या बंद कर, तू बरा झालास. पोराला क्षयरोग. सहा महिन्यांचा उपचार त्याने दोन महिन्यांत सोडला. खोकला थांबला होता, त्यामुळे भंतेजींचं म्हणणं घरच्यांना पटलं. पुढे काय होतं ते आशाताईंना विचारा. त्या पोराला पुन्हा औषधावर आणताना मला जे ऐकावं लागलं ते असं: "ताई, बुद्ध काय आणि भंतेजी काय, गुरू मरत नसतो."

गुरू मरतो. बुद्धाने हे लपवलं नाही. कुशीनगरात, दोन शालवृक्षांमध्ये पडलेला ऐंशी वर्षांचा आजारी माणूस आनंदाला सांगतो की माझ्यानंतर 'आता आपला कोणी शास्ता उरला नाही' असं समजू नका, मी शिकवलेला धम्म आणि विनय हाच तुमचा शास्ता. त्याने वारस नेमला नाही, गादी ठेवली नाही, 'मी अमुक ठिकाणी येत राहीन' असं आश्वासन दिलं नाही. उलट शेवटच्या क्षणी त्याने भिक्खूंना विचारलं, कुणाला काही शंका आहे का? सगळे गप्प. तीनदा विचारलं, तीनदा गप्प. तेव्हा तो म्हणाला की माझ्याबद्दलच्या आदरामुळे विचारत नसाल, तर मित्राने मित्राला सांगावं. मरताना प्रश्न मागणारा दुसरा धर्मसंस्थापक मला तरी माहीत नाही.

'तथागत मृत्यूनंतर असतो की नसतो' हा प्रश्न त्याला जिवंतपणीच विचारला गेला होता. त्याने उत्तर दिलं नाही. मालुंक्यपुत्ताला बाणाचा दृष्टान्त दिला: बाण लागलेला माणूस आधी बाण काढून घेतो, तो कुणी मारला त्याची जात-गोत्र विचारत बसत नाही. आपण नेमका तोच प्रश्न उकरून काढून त्यावर दुकान मांडलं आहे.

अजिंठा जळगावपासून साठ किलोमीटर. सव्वीस नंबरच्या लेण्यात डाव्या भिंतीला पहुडलेला सात मीटरचा बुद्ध आपण सहलीत पाहिलेला असतो. खाली शिष्य शोक करताहेत. पाचव्या शतकातल्या त्या कारागिरांनी मृत्यू मृत्यूसारखाच कोरला. पायथ्याशी बसलेल्या त्या माणसांचं दुःख खोटं नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये याच गोष्टीवर जोर दिला. बुद्धाने स्वतःच्या धम्मात स्वतःला जागा ठेवली नाही, धम्मानेच धम्माचा वारस व्हावं, असं ते मांडतात. आत्मा नाकारल्यावर मेलेला गुरू कुठून बोलणार? तरी समाजशास्त्राचा अभ्यास करताना मॅक्स वेबर वाचला की कळतं, हे सगळीकडे होतं. विलक्षण माणूस गेला की त्याच्या तेजाचं काय करायचं हा अनुयायांपुढचा पहिला पेच असतो. कुणी ते रक्तात शोधतं, कुणी गादीत, कुणी अंगात येणाऱ्या बाईत. गेलेला गुरू जेव्हा जेव्हा 'बोलतो' तेव्हा तोंड कुणातरी जिवंत माणसाचं असतं, आणि त्या तोंडाला उलटा प्रश्न विचारता येत नाही. निवडणुकीच्या तोंडावर 'बाबासाहेबांचा आदेश' ऐकवणारे पुढारीही त्याच जातकुळीतले. आदेश कोणत्या खंडात, कोणत्या पानावर, असं एकदा विचारून बघा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. शाळेचं तोंड न पाहिलेली आजी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावते आणि नातीला दटावते, "अभ्यास कर, बाबासाहेब देखी ऱ्हायनात." ही अंधश्रद्धा का? मी तिला तसं म्हणणार नाही. ती बाबासाहेबांना काही मागत नाही, नातीकडून मागते. नात चुकली तर जबाब नातीनेच द्यायचा. अंगात येणाऱ्या भंतेजींच्या दरबारात मात्र जबाबदारी कुणाचीच नसते.

मग मार्गदर्शन चालू राहतं का? राहतं, पण ते आपोआप राहत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' इंग्रजीत छापून आला १९५७ मध्ये, म्हणजे ६ डिसेंबर १९५६ नंतर. 'रिडल्स इन हिंदुइझम' तर १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने काढला, एकतीस वर्षांनी. राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून केवढं रान उठलं, आणि ते पान वाचवायला आपली माणसं मुंबईच्या रस्त्यावर कशी उतरली, ते जुन्या कार्यकर्त्यांना आठवतं. ती पानं कुणा मांत्रिकाने प्रकट केली नाहीत. वसंत मून यांच्यासारख्या माणसाने कागद निवडून, जुळवून, मुद्रितं तपासून ती आपल्या हातात दिली. आणि २०२१ मध्ये याच ग्रंथांची छपाई रखडल्याची बातमी 'लोकसत्ता'त आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. बाबासाहेबांचा आवाज सरकारी गोदामात अडतो, तो असा.

ध्वनिफितीचाही विचार करायला हवा. सत्यनारायण गोयंका २०१३ मध्ये गेले, तरी विपश्यना शिबिरांत सूचना त्यांच्याच आवाजात मिळतात, प्रवचनं चित्रफितीवर. इथे भूतबाधा काही नाही, यंत्र आहे, आणि अनेकांना त्याचा उपयोग झालेला मी पाहिला आहे. पण सहायक आचार्य ऐकतात त्या शंका साधनेपुरत्या. दहा दिवसांनी गावी परतल्यावर पाणवठ्यावरची जात तशीच भेटते, तिच्याबद्दल फितीला काय विचारणार?

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी मुक्कामी होते, न्यायालयाच्या कामासाठी आले होते. दरवर्षी त्या तारखेला हजारो लोक तिथे जमतात. चाळीसगावचा प्रसंग त्याआधीचा, १९२९ चा. अस्पृश्याला बसवणार नाही म्हणून टांगेवाल्यांनी नकार दिला, वस्तीतल्याच एका अननुभवी माणसाने टांगा हाकला, मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, साध्या शब्दांत. बॅरिस्टर झाला तरी टांगेवाला स्वतःला त्याच्याहून वरचा समजतो, हा त्यातला मुद्दा. लळिंगच्या चढावर फुलं वाहून सेल्फी काढणाऱ्यांपैकी किती जणांनी ती चार पानं वाचलीत? ३१ जुलैला डीजेऐवजी तिथे ती पानं मोठ्याने वाचली, आणि मग नुसतं विचारलं की आज तुमच्या गावात टांगा कोण नाकारतं, तर दोन तास पुरणार नाहीत.

खंड विकत घ्यायला पैसे लागतात हे खरं, पण आपल्या पुष्कळ विहारांत ते आलेले आहेत. कपाटात आहेत. कपाटाला कुलूप आहे, किल्ली अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष पुण्याला मुलाकडे.