पंख कापू नका, नकाशा सुधारा

‘पहिल्या लेव्हलला उडणारं कॅरेक्टर नको, गेम तुटतो,’ असं डीएम लोक सांगतात. तुटतो तो तुमचा नकाशा, भाऊ. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१५ च्या नियमांत आराकोक्रा एका फेरीत ५० फूट उडतो, मान्य. पण जड चिलखत घातलं की उडणं बंद, हे कोणी बोलत नाही. आणि पंख असून जटायूला रावण थांबवता आला का?

मी धानोऱ्याचा. पावसाळ्यात आमच्या जंगलावरून उडा. साग-मोहाची पानं दिसतील, खाली लपलेला तिरंदाज नाही. तिकडे भामरागडला पर्लकोटा पुलावर चढते, गावांचा संपर्क तुटतो. पंखवाला एकटा पलीकडे जाईलही. जखमी मित्राचं काय? खेळ तिथं सुरू होतो. माझ्या टेबलावर आराकोक्रा चालतो. शनिवारी पूर आणतोय.