कानातली ठकठक

“उजव्या कानानं कमी ऐकू येतं, त्याचं एवढं काही नाही, पण रात्री उशीवर डोकं टेकलं की त्याच कानात ठकठक सुरू होते. घरचे म्हणतात, मनाचे खेळ,” असं एका वाचक भगिनीनं लिहिलं आहे. वय पंचेचाळीस. कान कधी फुटला नाही, दुखतही नाही.

ताई, हे मनाचे खेळ नव्हेत. ठकठक चालू असताना मनगटाची नाडी धरून पाहा. दोन्हींचा ठेका एकच असला, तर कानाच्या डॉक्टरांना तसंच सांगा. आपण बायका नुसतं “कमी ऐकू येतं” म्हणतो आणि महत्त्वाची गोष्ट घरीच राहते!

अशी ठकठक रक्त कमी असलं, थायरॉइड वाढलं, तरीही होते. पण सोबत तोच कान मंद असेल, तर पडद्यामागं रक्तवाहिन्यांची बारीक गाठ असू शकते. तिला ग्लोमस म्हणतात. ती पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळते, वाढते सावकाश आणि बहुधा कर्करोगाची नसते. कानातल्या इवल्या हाडांना ती अडते म्हणून ऐकू कमी येतं.

डॉक्टर बॅटरीनं पाहतात. निरोगी पडदा मोत्यासारखा करडा दिसतो, इथं मागून लाली दिसते. मग चिमट्यासारखा काटा वाजवून कपाळावर टेकवतात. गंमत अशी, की आवाज मंद कानातच मोठा येतो! म्हणजे नस शाबूत आहे, अडथळा मधल्या कानात आहे. ऑडिओग्रामही काढतात.

एक मात्र लक्षात ठेवा. इतर गाठींचा तुकडा तपासायला काढतात, तसा इथं काढू देऊ नका. रक्त थांबता थांबत नाही. शिवाय कधी कधी ती गाठ नसतेच, जागा चुकलेली मोठी रक्तवाहिनी असते. म्हणून आधी सी. टी. स्कॅन, लागलं तर एम. आर. आय. खर्चाचं आहे खरं, पण इथं काटकसर नको.

पडद्यामागं पांढरं दिसलं आणि कानातून घाण वासाचं पाणी येत असलं, तर तो आजार वेगळा, कोलेस्टिटोमा. तोही कर्करोग नव्हे, पण हाड खातो. त्याला ऑपरेशनच लागतं.

लसणीचं कोमट तेल तेवढं आजपासून बंद करा. आणि चक्कर आली किंवा तोंड एका बाजूला ओढल्यासारखं वाटलं, तर सण-पाहुणे न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.