बोधचिन्हाचे वास्तव

चित्रपटाच्या चौकटीत एखाद्या संगणकावरील बोधचिन्ह ठळकपणे दिसू लागले की त्याच्या समर्थनार्थ समीक्षेतील एक प्रतिष्ठित संज्ञा तत्परतेने पुढे केली जाते : वास्तवाभास. रोलाँ बार्थ यांनी १९६८मधील आपल्या निबंधात फ्लोबेरच्या एका कथेतील वायुभारमापकाचा दाखला देऊन असे प्रतिपादले होते की, कथानकाला ज्याचे काहीच प्रयोजन नाही असा तपशील केवळ ‘वास्तव’ या कोटीचा निर्देश करतो. त्याच न्यायाने, पात्राच्या टेबलावर संगणक असणारच, तो कोणत्या तरी कंपनीचा असणारच; मग त्यात वावगे काय, असे विचारले जाते. हा युक्तिवाद वरकरणी निरुत्तर करणारा असला तरी मुळातच सदोष आहे.

बार्थ यांच्या विवेचनाचा कणा तपशिलाच्या निष्प्रयोजनतेत आहे. तो वायुभारमापक कोणाचीही चाकरी करीत नाही. बोधचिन्ह मात्र एकाच वेळी दोन धन्यांची चाकरी करते : कथेची आणि बाजारपेठेची. या दोहोंत विरोध आला तर कोणाचे चालते, हाच खरा प्रश्न आहे.

समर्थकांना सर्वांत भक्कम आधार नोरा एफ्रन यांच्या ‘यू हॅव गॉट मेल’ (१९९८) या चित्रपटात सापडेल. बालपुस्तकांचे छोटे दुकान चालवणारी कॅथलीन ॲपलच्या पॉवरबुकवर पत्रे लिहिते. ते दुकान गिळू पाहणाऱ्या साखळी-दुकानांचा वारस जो फॉक्स आयबीएमच्या थिंकपॅडवर लिहितो. यंत्र येथे व्यक्तिरेखेचे सूचन करते, हे मान्यच आहे. पण हे सूचन प्रेक्षकापर्यंत पोहोचते ते कशाच्या बळावर? बंडखोर व्यक्ती विरुद्ध एकसुरी सत्ता हे द्वंद्व रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेल्या मॅकिंटॉशच्या १९८४मधील जाहिरातीने आधीच रुजवले होते. चित्रपटाने ही संहिता घडवली नाही, उसनी घेतली. त्याचे शीर्षकदेखील अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या सेवेतील ध्वनिसूचनेवरून आले आहे. ज्या चिन्हात जाहिरातीने अर्थ अगोदरच भरून ठेवला आहे, त्यास निष्प्रयोजन तपशील म्हणणे हा संज्ञेचा दुरुपयोग होय.

उसनवारीला अटी असतात. ‘नाइव्हज आउट’ (२०१९) या रहस्यपटाचे दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी २०२०मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’च्या एका चित्रफितीत सांगितले की, ॲपल आपला आयफोन चित्रपटात वापरू देते, मात्र खलपात्राच्या हाती तो कॅमेऱ्यासमोर दिसता कामा नये. १९९३च्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये दगाबाज नेड्रीच्या टेबलावर ॲपलचा मॅकिंटॉश निर्धास्तपणे विराजमान होता, हे आठवले की मधल्या काळात काय गमावले ते कळते. प्रत्यक्ष जीवनात सज्जन आणि भामटा एकाच कंपनीचे यंत्र वापरतात. पडद्यावर तसे होऊ न देणारी व्यवस्था वास्तवाचा आभास नव्हे, तर वास्तवाची काटछाट करते. वास्तवाभासाचा युक्तिवाद अशा रीतीने स्वतःच्याच कसोटीवर कोसळतो.

कला नेहमीच आश्रयदात्यांवर विसंबत आली आहे आणि आजचा प्रेक्षक हे सारे ओळखण्याइतका चतुर आहे, असे यावर म्हटले जाईल. परंतु आश्रयदात्याची स्तुती कृतीच्या आरंभी वा अखेरीस उघडपणे येत असे. पात्राच्या नीतिमत्तेचा निवाडा तो करीत नसे. आणि हातातील फोन पाहून खुनी ओळखणारा चतुर प्रेक्षक चित्रपटाचे वाचन करीतच नसतो. तो वाचतो एका न पाहिलेल्या कराराचे कलम. रहस्यकथेत रहस्याचे स्वामित्व निवेदकाकडे असते, या कथनमीमांसेच्या प्राथमिक गृहीतालाच येथे तडा जातो.

म्हणून नेपथ्यसामग्रीची यादी हा निर्मितिव्यवस्थापनाचा विषय आहे, असे सांगून समीक्षेला सुटका करून घेता येणार नाही. कोणते चिन्ह दिसते याइतकेच ते कोणाच्या हाती दिसत नाही, हेही अर्थनिर्णयनाचे साधन मानले पाहिजे. दृश्य अनुपस्थितीचे असे वाचन न करणारी समीक्षा वास्तवाभासाची चर्चा करीत असल्याचा दावा करते. प्रत्यक्षात ती बोधचिन्हाच्या मालकाला समीक्षेचे शिफारसपत्र लिहून देत असते.